शिक्षक प्रशिक्षणाचा पैसा विकासनिधीत धरायचा की नाही? (मराठवाडा, विदर्भ आणि अनुशेष)

मांजराकाठ
मंडळी, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठीच्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुनर्गठनाचा ठराव केला, आणि पुढे काय झालं ते आपण बघतोच आहोत. त्यावर भांडायला वेगळा धागा आहे, इथे नको.

माझा मुद्दा असा. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष (म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा मागे राहिलेल्या भागांची तूट) काढला तो ३१८६ कोटींचा. सगळ्यात मोठा वाटा सिंचनाचा, मग रस्ते, वीज, पाणी, आरोग्य, आणि हो, शिक्षणसुद्धा होतं त्यात. पण मोजमाप सगळं भौतिक सोयींचं. ते साहजिकच होतं म्हणा, रस्त्याचे किलोमीटर मोजता येतात, तिसरीच्या बाईंना अपूर्णांक नीट शिकवता येतात का हे कुठल्या कॉलममध्ये लिहिणार. पण त्यामुळे झालं काय, की पुढची तीस-चाळीस वर्षं "मागास भागाचा विकास" म्हटलं की बांधकाम हेच डोळ्यासमोर यायला लागलं.

आता घटनेतलं कलम ३७१(२) काढून वाचा. विकास खर्चाचं समन्यायी वाटप, तांत्रिक शिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पुरेशी संधी, हे सगळं त्यात आहे. मला सांगा, आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये ज्या पोराला मिलिमीटरचे दशांश कळत नाहीत त्याचं गणित कुठं बिघडलं? आयटीआयमध्ये नाही ना बिघडलं, ते पाचवीच्या आधीच बिघडलंय.

म्हणून माझं म्हणणं, मागास जिल्ह्यातल्या डाएटच्या (शिक्षकांना प्रशिक्षण देणारी जिल्ह्याची सरकारी संस्था) रिकाम्या जागा भरणं आणि तिथल्या शिक्षकांना वर्षभर हाताशी धरणारी माणसं देणं हा विकासखर्च आहे आणि तो विकासाच्या हिशोबात दिसायला पाहिजे. सध्या तो समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेच्या कुठल्यातरी उपशीर्षात पडलेला असतो, पालकमंत्री त्याच्याकडे बघत नाहीत, आमदार बघत नाही, पेपरवाले तर नाहीच नाही. पटतंय का?

खडूफळा
जिल्हा परिषदेत शिक्षक आहे, बरीच वर्षं झाली. पैसा वाढवा म्हणताय ते ठीक, पण आधी आहे त्या पैशाचं काय होतं ते सांगतो.

राज्यस्तरावर पुण्यात तज्ज्ञ बसतात, ते जिल्ह्याच्या लोकांना शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याच्या सुलभकांना, आणि सुलभक आम्हाला. वर तीन दिवसांचा जो ऐवज असतो तो आमच्यापर्यंत येईस्तोवर पीपीटी उरते, आणि सुलभक म्हणजे आमच्यातलाच एक शिक्षक असतो ज्याला आदल्या आठवड्यात ही पीपीटी मिळालेली असते, त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही, तो वाचून दाखवतो आणि आम्ही चहा कधी येतो बघतो. प्रश्न विचारला तर "हे वरून आलंय सर".

त्यात वेळ कुठली? फेब्रुवारी नाहीतर मार्च. वर्गात सराव चालू, दहावी-बारावीच्या केंद्रांवर निम्मे शिक्षक, आणि त्याच वेळी प्रशिक्षणाचा आदेश. दरवर्षी हेच. जूनमध्ये द्या ना, शाळा उघडायच्या आधी, जे शिकलो ते लगेच वर्गात वापरता येईल. मार्चमध्ये शिकलेलं जूनपर्यंत कुणाला आठवतं.

आणि एक, बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवडश्रेणी मिळायला जे सक्तीचं प्रशिक्षण असतं त्याला २०२२ च्या ऑनलाईन वेळी दोन हजार रुपये आमच्याच खिशातून घेतले. म्हणजे सरकारी प्रशिक्षण, सरकारी अट, पैसे आमचे. व्हिडिओ म्यूट करून बाजूला ठेवून पूर्ण केलेले लोक माहीत आहेत मला, नावं सांगणार नाही :)

आकडेमोड
खडूफळा सर, मार्चचं कारण माझ्याकडे आहे. मी लेखा विभागात होतो (शिक्षण खातं नाही, पण समग्रच्या फायली पाहिल्यात).

डाएट निघाली १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून. सुरुवातीला सगळा खर्च केंद्राचा होता. आता ६०:४०, म्हणजे केंद्र साठ, राज्य चाळीस. २०१८ पासून सर्व शिक्षा, माध्यमिक शिक्षा आणि शिक्षक शिक्षण या तिन्ही योजना एकत्र करून समग्र शिक्षा झाली. राज्याने आराखडा द्यायचा, दिल्लीत प्रकल्प मान्यता मंडळाची बैठक होणार, तिचं इतिवृत्त येणार, मग पहिला हप्ता, मग राज्याने आपला हिस्सा टाकायचा, मग उपयोगिता प्रमाणपत्र, मग पुढचा हप्ता. २०२१ पासून पैसा राज्याच्या एकाच खात्यात येतो, खाली जिल्ह्याला नि तालुक्याला शून्य शिलकीची खाती आणि खर्चाची मर्यादा. पारदर्शकतेच्या दृष्टीने ही पद्धत चांगली आहे, पूर्वी खालच्या खात्यांत पैसा पडून राहायचा आणि व्याजाचाही पत्ता नसायचा. पण मर्यादा उशिरा पडली की कार्यक्रम उशिरा, आणि ३१ मार्चला न खर्चलेला पैसा म्हणजे पुढच्या वर्षीच्या मागणीला कात्री. मग जानेवारीनंतर जे पटकन खर्च होतं ते उरकायचं. बांधकाम पटकन होत नाही, निविदा लागते. प्रशिक्षण पटकन होतं. हॉल, जेवण, छापील घटकसंच, झालं.

तर मांजराकाठ, तुमच्या मागणीत मला एक धोका दिसतो. विकासनिधीत धरलं की जिल्हा नियोजन समितीत जाणार, आणि तिथे कोण बसतं हे तुम्हाला माहीत आहे. दोन वर्षांत "प्रशिक्षण भवन" बांधून होईल, वर पाटी लागेल, आत माणूस नसेल.

वऱ्हाडी_ठेचा
आकडेमोड भाऊ खरं बोलले. पण माह्या आक्षेप मुळातच हाय.

शिक्षक चांगले झाले, पोट्टे शिकले, मंग पुढं काय? आमच्या गावातले जेवढे शिकले तेवढे हिंजवडीले गेले. मायबाप घरी, वावर बटईनं. म्हणजे खर्च केला विदर्भानं अन् फायदा झाला पुण्याचा! याले प्रादेशिक विकास म्हणत असाल तर मंग बोलणंच खुंटलं. आधी कारखाना आना, पानी आना, शिक्षण मागून आपोआप येते. आमच्याकडे सिंचनाचाच अनुशेष भरला नाही अजून आन् तुमी ट्रेनिंगच्या गोष्टी करून राहिले.

मांजराकाठ
@वऱ्हाडी_ठेचा, भाऊ हा प्रश्न येणारच होता. दोन गोष्टी.

एक, कारखाना आधी आला तर नोकऱ्या कुणाला मिळतात ते बघा. गडचिरोलीत सुरजागडला लोहखनिज निघतंय, कोनसरीला प्लांट झाला. इकडे बिडकीनला २०२४ मध्ये टोयोटाचा करार झाला, लातूरला रेल्वे कोच फॅक्टरी झाली. या सगळ्या ठिकाणी स्थानिकांना घ्या म्हणून मोर्चे निघतात किंवा निघतील, आणि स्थानिक घेतले जातात ते सिक्युरिटीत नाहीतर हेल्पर म्हणून. ऑपरेटर, टेक्निशियन बाहेरचे. कंपनीला शिव्या देऊन होईल काय, ड्रॉइंग वाचता येणारी पोरं त्या तालुक्यात तयारच झाली नाहीत.

दोन, लातूर. बारावीच्या निकालावर एक अख्खं शहर उभं राहिलं. वसतिगृहं, मेस, अभ्यासिका, झेरॉक्सवाले, पुस्तकाची दुकानं, भाड्याच्या खोल्या. नांदेड-परभणी-बीडची पोरं तिथे येऊन पैसा ओतायला लागली, आणि हे धरणाने किंवा एमआयडीसीने झालं नाही, काही चांगल्या शिकवणाऱ्यांनी झालं. लातूर पॅटर्नमधलं घोकंपट्टीचं प्रमाण मलाही खटकतं, आणि फी बघितली तर गरिबाचं काम राहिलं नाही ते. पण शिकवणं हा स्थानिक अर्थव्यवस्थेचा भाग असतो एवढं तरी त्यातून मान्य करा.

वऱ्हाडी_ठेचा
लातूरचं मान्य. पण ते सरकारी पैशानं झालं नाही, उलट सरकारी शाळा वाईट म्हणून झालं, याचाही विचार करा जरा.

मांजराकाठ
हा मात्र टोला बसला. पुढच्यांचं ऐकू.

डीएड_दोन_हजार_आठ
सरकारी पैसा आणि शिक्षक प्रशिक्षण आणि ग्रामीण अर्थव्यवस्था या तिन्हींची गाठ कशी पडते ते आमच्या पिढीला विचारा की.

दोन हजारच्या दशकात आमच्या भागात डीएड म्हणजे लॉटरी होती. बारावीला मार्क पडले की डीएड, दोन वर्षांत नोकरी. वडिलांनी शेत विकून डोनेशन भरलेली मुलं माझ्या वर्गात होती. तालुक्या-तालुक्याला विनाअनुदानित कॉलेजं निघाली, कुणाची होती ते सांगायला नको, पत्र्याचे शेड, प्रयोगशाळा तपासणीच्या दिवसापुरती. सरकारचा पैसा नव्हता त्यात पण सरकारची मान्यता होती आणि नोकरीचं आमिष सरकारचंच होतं. मग मे २०१२ मध्ये भरती बंद झाली. पुढे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आली, भरतीसाठी पवित्र पोर्टल आलं, अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा डिसेंबर २०१७ ला, नंतर एकदम २०२३ ला. मधल्या काळात माझ्या बॅचचे लोक काय करतात? एक एजन्सी चालवतो, दोन एमआयडीसीत, एकीने ब्यूटी पार्लर टाकलं, एक अजून फॉर्म भरतो. कॉलेजं बहुतेक बंद पडली, काहींची फार्मसी झाली.

ज्यांना नोकरी लागली ते शिक्षणसेवक, तीन वर्षं सहा हजारावर. ते १६ हजार व्हायला २०२३ उजाडावं लागलं. सहा हजारात लग्न ठरत नव्हतं हो कुणाचं.

त्यामुळे कुणी "प्रशिक्षणात गुंतवणूक" म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. आधी सांगा जागा किती आणि कधी भरणार.

खडूफळा
@डीएड_दोन_हजार_आठ, शब्द न शब्द खरा. आणि ज्यांची भरती झाली त्यांच्याही डोक्यावर आता टीईटीची तलवार आहे, १ सप्टेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचला असेलच. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलेल्या कार्यरत शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायची. आमच्या शाळेत पंचेचाळिशीच्या बाई संध्याकाळी बालमानसशास्त्राचं गाईड घेऊन बसतात. डाएटने यासाठी तयारी वर्ग घ्यावेत ना? हा खरा उपयोग झाला असता. पण घेणार कोण.

कुणकेश्वर
मी सिंधुदुर्गातला. सगळो अनुशेष तुमचोच काय रे? उर्वरित महाराष्ट्र म्हणून आमका पुण्यासोबत बांधलंय आणि सरासरीत आम्ही श्रीमंत!

मस्करी बाजूला. आमच्याकडे प्रश्न वेगळा आहे, दहा-पंधरा पटाच्या शाळा आणि दोन शिक्षक, त्यातला एक घाटावरचा. तो पहिल्या दिवसापासून आंतरजिल्हा बदलीचा अर्ज तयार ठेवतो, त्याला दोष देत नाही, त्याचेही आईवडील तिकडे आहेत. पण मग जिल्ह्याने त्याच्यावर जो खर्च केला, प्रशिक्षण दिलं, बहुवर्ग अध्यापन शिकवलं, तो सगळा खर्च बदलीबरोबर सोलापूरला जातो. आणि नवीन येतो त्याला पुन्हा पहिल्यापासून. वऱ्हाडी भाऊ पोरांच्या गळतीबद्दल बोलले, शिक्षकांची गळतीही धरा त्यात.

सातपुड्यातून
उशिरा आलो. नंदुरबार जिल्ह्यात काम करतो, संस्थेचं नाव नको.

सगळे पैसा किती आणि कुणाच्या खिशातून यावर बोलताय, प्रशिक्षणात शिकवतात काय यावर खडूफळा सरांशिवाय कुणी बोललं नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडे पहिलीत येणारं लेकरू घरी पावरी किंवा भिली बोलतं. शिक्षक येतो नाशिक-जळगाव-धुळ्याकडून. प्रशिक्षणाचा घटकसंच सगळ्या राज्याला एकच, आणि त्यात गृहीत असं की मुलाला मराठी येतेच, फक्त वाचता येत नाही. केंद्राच्या निपुण भारत योजनेचं लक्ष्य आहे २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या शेवटी प्रत्येक मुलाला वाचन आणि गणिताच्या पायाभूत गोष्टी यायला हव्यात, आणि आमच्याकडे पहिली दोन वर्षं पोरगं बाई काय म्हणतात ते कळण्यातच जातात. गडचिरोलीत भामरागड-एटापल्लीकडे माडिया, गोंडी, तिथेही हीच गत असणार.

काही शिक्षक स्वतःहून शिकतात भाषा. एक सर आहेत, त्यांनी गावातल्या म्हाताऱ्यांकडून शब्द गोळा करून वहीच्या वही भरली, चित्रं काढली, आज त्यांच्या वर्गात पोरं धाडधाड बोलतात. ही वही छापायला, बाकीच्या केंद्रातल्या शिक्षकांना ते सर दोन दिवस द्यायला कुठल्याही शीर्षात पैसा नाही. कारण तो कार्यक्रम वरून आलेला नाही. जिल्ह्याला स्वतःचं प्रशिक्षण स्वतः ठरवून करायला मोकळा निधी हवा, थोडाच असू दे. माझी मागणी एवढीच आहे.

दुसरं म्हणजे नंदुरबार, गडचिरोली, वाशिम, धाराशिव हे केंद्राच्या मागास जिल्ह्यांसाठीच्या कार्यक्रमातले आपले चार आकांक्षित जिल्हे, जानेवारी २०१८ पासून. त्यात शिक्षणाला ३० टक्के भारांक आहे, आरोग्याइतकाच. ऐकायला भारी. मोजतात काय तर गळती, मुलींची स्वच्छतागृहं, वीज, पिण्याचं पाणी, पुस्तकं वेळेत आली का, शिक्षक-विद्यार्थी प्रमाण, आणि तिसरी-पाचवी-आठवीची भाषा-गणिताची संपादणूक (म्हणजे मुलांना प्रत्यक्ष किती येतं). ही शेवटची गोष्ट चांगलीच आहे. पण संपादणूक वाढवायची कशी, तर डॅशबोर्ड त्याबद्दल गप्प. मग जिल्ह्यात जे लवकर हिरवं होतं ते आधी करतात. नळ बसतो, वायर ओढली जाते.

आकडेमोड
@सातपुड्यातून, मोकळ्या निधीबद्दल. वाटा आहेत, कुणी वापरत नाही.

खाणीच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे (खाणवाल्यांकडून येणाऱ्या पैशाचा स्थानिक निधी), २०१५ पासून. त्याच्या खर्चाच्या यादीत शिक्षण प्राधान्यक्रमात येतं आणि इमारतीच नाही तर शिक्षक नेमणं, दुर्गम भागात शिक्षकांसाठी निवास हेही त्यात लिहिलंय. गडचिरोली-चंद्रपूरच्या लोकांनी हे धरून लावायला पाहिजे. कुणकेश्वर म्हणतात तो बदलीचा प्रश्न निम्मा राहायच्या जागेचाच असतो.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाचं उदाहरणही घ्या, १२५ मागास तालुके. मुलींसाठीच्या त्या निळ्या एसटी बस बघितल्या असतील. तो सरळ सरळ प्रादेशिक विकासाचा पैसा होता आणि तो मुलीला शाळेच्या दारापर्यंत घेऊन गेला. बांधकाम नव्हतं त्यात, चालू खर्च होता, डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार. म्हणजे विकासनिधीतून चालू खर्च होत नाही हे जे अधिकारी सांगतात त्याला हे उत्तर आहे. दाराच्या आत मात्र तो कार्यक्रम फारसा गेला नाही.

सावली_मॅडम
निवृत्त अधिव्याख्याता आहे, डाएटमध्येच होते, कुठल्या जिल्ह्यात ते राहू द्या. एवढं सांगते की मी रुजू झाले तेव्हा प्रत्येक विभागाला माणूस होता, संशोधन करायचो, सराव शाळेत स्वतः तास घ्यायचो, शिक्षक सायकलवरून शंका विचारायला यायचे. निवृत्त झाले तेव्हा माझ्याकडे तीन विभागांचा कार्यभार, आणि दिवस जायचा तो लिंका पाठवण्यात. अमुक ॲपवर किती टक्के झालं, तमुक प्रशिक्षणात किती जोडले गेले. दीक्षा या सरकारी ऑनलाईन मंचावर निष्ठा प्रशिक्षणाचे कोर्स आले तेव्हा तर तालुकानिहाय टक्केवारीची स्पर्धाच. किती शिक्षकांनी बटण दाबलं हे मला कुठल्याही क्षणी सांगता आलं असतं, वर्गात काय बदललं ते विचारलं असतंत तर गप्प बसावं लागलं असतं, कारण वर्गात जायला गाडीही नव्हती आणि वेळही.

नवीन धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तास व्यावसायिक विकास लिहिलाय. तास भरतील हो, तासांची काळजी नको. मांजराकाठ यांना माझा पाठिंबा आहे, फक्त एक दुरुस्ती. नवीन योजना मागू नका. मंजूर पदं भरा आणि त्या माणसाला महिन्यातून निदान आठ दिवस शाळांमध्ये जायला प्रवासभत्ता द्या. याला कोट्यवधी लागत नाहीत. यात उद्घाटन नाही म्हणून होत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
मॅडम, तुमचं पटलं. उद्घाटन नाही हेच खरं कारण हाय. पन मी अजून मनतो, पानी पहिले.

संपादक
काही प्रतिसाद काढले आहेत. शिक्षकांना निवडणुकीची आणि जनगणनेची कामं या विषयावर जुना धागा आहे, तिथे लिहा. जातीवरून आणि "शिक्षकांना फुकटचा पगार" वगैरे चालणार नाही.

मांजराकाठ
सगळ्यांचे आभार. वऱ्हाडी भाऊ, पाणी आणि शिक्षक यात निवड करायला लागू नये एवढंच, निधी वेगळ्या शीर्षांतले आहेत.

आता करायचं काय ते बोलू. विकासनिधीत टाका ही माझी मागणी तशीच आहे, पण मॅडम आणि आकडेमोड यांचं ऐकून ती अशी मांडतो की पदभरती, शिक्षकांचं निवास आणि जिल्ह्याने ठरवलेलं प्रशिक्षण एवढ्याच तीन गोष्टींना, बांधकामाला एक रुपया नाही. आमदारांना द्यायच्या निवेदनात हे असंच लिहिणार आहे. त्याआधी आकडे हातात पाहिजेत. माहिती अधिकारात काय मागायचं?

आकडेमोड
दहा रुपयांचा अर्ज, प्रत्येक डाएटला वेगळा. मोघम विचारू नका, "माहिती उपलब्ध नाही" येईल. असं लिहा:

मागच्या पाच वर्षांत ३१ मार्च रोजी संवर्गनिहाय मंजूर पदं आणि भरलेली पदं. प्रशिक्षणावरचा खर्च महिनानिहाय (हे महत्त्वाचं, म्हणजे मार्चचा ढीग दिसेल). अधिव्याख्यात्यांच्या शाळाभेटींची संख्या आणि त्यावरचा प्रवासभत्ता. जिल्ह्याने स्वतः तयार केलेल्या प्रशिक्षणांची यादी आणि त्यावरचा खर्च.

दिल्लीच्या मान्यता मंडळाचं इतिवृत्त मागायची गरज नाही, केंद्राच्या संकेतस्थळावर सगळ्या राज्यांचं असतं. ते आधी उतरवून घ्या, म्हणजे मंजूर किती आणि खर्च किती हे समोरासमोर ठेवता येईल.

सातपुड्यातून
आमच्या जिल्ह्याचा अर्ज मी टाकतो. शेवटच्या मुद्द्याचं उत्तर बहुतेक "निरंक" येणार, तरी टाकतो.

कुणकेश्वर
सिंधुदुर्ग माझ्याकडे. पोस्टल ऑर्डर आमच्या पोस्टात मिळणा नाय, कोर्ट फी स्टॅम्प चालता काय?

आकडेमोड
चालतो.